कच्चं रडणं

शेजारच्या काकूंचे यजमान अचानक गेले. महिन्याभरानं भेटायला आलेल्या काकूंचे हात हातात घेऊन वहिनी समोर बसली. मागे बसलेल्या नणंदेला वहिनीचा चेहरा काकूंमागच्या कपाटाच्या काचेत दिसत होता.

काकूंचा ओठ थरथरला की क्षणभरानं वहिनीचाही थरथरे. काकूंनी डोळे मिटले की तीही मिटे. मधल्या वेळात तो चेहरा पुसलेल्या पाटीसारखा कोरा असे.

नणंद मानसोपचारतज्ज्ञ होती. 'समाजविघातक व्यक्तिमत्त्व,' ती मनाशी म्हणाली आणि तिला जरा धीर आला. नाव दिलं की भीती निम्मी होते; आणि नावं ठेवायला तर ती नणंदच होती.

काकू घरी परतल्यावर तिनं भावाला गॅलरीत गाठलं.

"दादा, रागावू नकोस. वहिनीला कुणाचं दुःख पोचतच नाही रे. ती नुसती नक्कल करते."

दादा चिडला नाही. त्यानं आधी दार लोटून घेतलं.

"कळलं का तुला? अजून कच्चं आहे तिचं. मी शिकवतोय."

"तू?"

"मला तरी कुठे येत होतं? पण तू होतीस ना. लहानपणी तुला रडताना टक लावून बघायचो."

मघाचा शब्द तिच्या ओठांवर आला, पण दादाला तो लावायला जीभ रेटेना. ती पडली, भाजली, तिची मांजर मेली, तेव्हा प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी धावून आला होता तो दादाच.

त्यानं मायेनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पण हट्टी होतीस हं," तो हसत म्हणाला. "सहजासहजी रडायचीच नाहीस."