पुलापलीकडच्या खुर्च्या

तिसरी खुर्चीही रिकामी झाली तेव्हा बेकरीवाल्या काकूंना हसूच आलं. "आज सगळ्यांच्याच घरी काही ना काही निघालंय!" असं म्हणत त्यांनी मांडीवरचं बाळ खांद्यावर घेतलं. बाळ त्यांचं नव्हतं. पुलापलीकडच्या या गल्लीत त्यांचं असं काहीच नव्हतं. बसायच्या खुर्च्यासुद्धा समोरच्या चपलांच्या दुकानातून आणलेल्या.

पण कल्पना मात्र सगळी त्यांची. पुलाच्या दोन्ही अंगांना बंदुका होत्या आणि बंदुकांमागे पोरं होती, कालपरवापर्यंत काकूंच्या काउंटरवरची बिस्किटं लांबवणारी. पुढाऱ्यांनी हात टेकले, मोठ्या साहेबांनी हात झटकले. शेवटी काकूंनी दोन्हीकडच्या बायकांना बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांवर बसवलं आणि सांगितलं, "पोरं आपलं ऐकत नाहीत ना? नका ऐकू म्हणावं. आपण जाऊन समोर बसू. इकडच्या आया तिकडे, तिकडच्या इकडे. स्वतःच्या आईवर गोळी झाडणारा अजून जन्माला यायचाय."

पुरुषांनी टिंगल केली. बायकांची सहल निघाली म्हणाले. पण आया पूल ओलांडून परक्या गल्लीत जाऊन बसल्या आणि त्या दिवशी एकही गोळी सुटली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग हळूहळू शटरं वर गेली, दोऱ्यांवर कपडे आले, पोरं खेळायला बाहेर पडली. पोरं बंदुका रोखून बसत त्या गच्चीकडे आता कोणी बघतच नसे. सकाळी दार किलकिलं करून आधी खुर्च्यांकडे बघायचं. आया बसलेल्या दिसल्या की दार सताड उघडं.

आज मात्र नाट लागल्यासारखं झालं होतं. आधी शिंपीणबाईंना मुलाचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखतंय, ताबडतोब ये. त्या पिशवी विसरून धावल्या. मग किराणेवालीची सून बाळंतपणात अडल्याचं कळलं. मग आजीबाईंचा नातू जिन्यावरून पडला. जाताना प्रत्येकीनं विचारलं, "काकू, तुम्ही आहात ना?"

"मी कुठं जातेय? खुशाल जा."

चपलांच्या दुकानातली सून चहा घेऊन आली. आपलं बाळ तिनं काकूंकडून घेतलं आणि सरळ एका रिकाम्या खुर्चीत बसली. "तुम्हाला नाही आला फोन?"

"आमच्या दिवट्याला आई आठवते ती फक्त भूक लागली की," काकू म्हणाल्या. बोलल्या अशा, पण आतून त्या फुलून गेल्या होत्या. त्यांचा मुलगा म्हणजे पुलाअलीकडच्या, काकूंच्या बाजूच्या साऱ्या पोरांचा म्होरक्या. त्याच्या एका शब्दावर बंदुका चालायच्या आणि थांबायच्या. याच मुलानं महिन्यापूर्वी त्यांच्यापुढे हात जोडले होते. आई, तुझ्यापुढे हरलो बाबा. हल्ली रोज सकाळी तो त्यांची पिशवी उचलून पुलापर्यंत सोडायला यायचा. काकूंनी ही गोष्ट दोन्ही गल्ल्यांत इतक्यांदा सांगितली होती की बायका आता ऐकायच्या आधीच मान डोलवत.

एवढ्यात नर्सबाईंचा फोन वाजला. काकूंशिवाय आता तेवढ्याच उरल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, फोन बंद केला आणि उठून काकूंच्या अगदी कानाशी आल्या.

"माझा भाऊ बेशुद्ध पडलाय म्हणे. त्याचा पोरगा फोनवर रडत होता. पण काकू, मागून कोणीतरी त्याला सांगत होतं, अजून रड."

"कोण सांगत होतं?"

नर्सबाईंनी नजर चुकवली. "तुमच्या मुलाचा आवाज मी ओळखते," एवढंच त्या बोलल्या. मग चपलांच्या दुकानातल्या सुनेकडे, तिच्या बाळाकडे ढुंकूनही न बघता त्या पुलाच्या दिशेनं निघाल्या. आधी भरभर चालल्या आणि मग चक्क पळाल्या.

काकूंनी लगेच मुलाला फोन लावला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"बाकीच्यांना तू परत बोलावलंस?"

"हो."

"कशासाठी?"

"त्यांच्या आया इकडे आपल्या चौकात बसल्यात ना. आता त्यांना उलटी गोळी झाडता यायची नाही. ही संधी पुन्हा येणार नाही, आई." तो भट्टी तापल्याचं सांगावं इतक्या सहज बोलत होता. "सुचलं तुलाच. आम्ही इतके दिवस नुसते डोकं फोडत बसलो होतो."

समोर नळावर बायका हसत होत्या. रस्त्याच्या मधोमध पोरांचा लपंडाव रंगला होता, राज्य आलेली मुलगी डोळे मिटून उभी होती. शेजारच्या खुर्चीतली सून बाळाला पाजायला पदर सारखा करत होती. काकूंना ओरडायचं होतं. त्याला शिव्याशाप द्यायचे होते. पण तोंडून निघालं ते एवढंच, "मग मला का नाही रे बोलावलंस?"

"सगळ्याच उठल्या असत्या तर ती माणसं दारं लावून आत बसली असती."

काकू खुर्चीचा हात धरून उठायला गेल्या.

"उठू नकोस, आई," मुलगा म्हणाला. "दिसतेयस तू मला. फक्त जराशी भिंतीकडे सरक."