चार भिंतींतलं रडणं

लोकरीचे जाड पडदे. कोरं टोपडं. जिन्यात गार झालेला रस्सा. लेडी हाविसची बहीण बाळंतपणात गेली, मागोमाग बाळही. राजाचे पंच चौकशीला बसले. बाळ जन्मून रडलं असेल, तर बहिणीची जहागीर हयातभर मेहुण्याकडे. नसेल, तर हाविसकडे. बायकांची साक्ष चालत नसे. रडणं बाळंतिणीच्या खोलीबाहेरच्या पुरुषानं ऐकलेलं हवं. हाविस एकेक चेहरा निरखत होती. पाद्री नजर का चुकवतोय? आचाऱ्याला नवा अंगरखा कुणी दिला? आचारीच खाकरला. “रस्सा घेऊन जिन्यातच होतो, सरकार. पडद्यांपलीकडून काहीच ऐकू आलं नाही.” “खाल्ल्या मिठाला जाग, हरामखोरा!” मेहुणा गरजला. “मीठ मीच घालतो, मालक. न ऐकलेलं कसं सांगू?” जहागीर हाविसची झाली. बाळ तिच्याच हातांत खणखणीत रडलं होतं. बहिणीला सातवा लागला, तेव्हा ते पडदे हाविसनंच भेट दिले होते.