दीड वर्षाची पैठणी

तिसऱ्या टप्प्यातला अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या शंभर बायकांपैकी जेमतेम तीस-पस्तीस जणी पाच वर्षं जगतात, हे वृषालीने मोबाइलवर वाचलं. त्या दिवसापासून ती आईशी पुढच्या दिवाळीबद्दलसुद्धा बोलेनाशी झाली.

आईच्या दुसऱ्या केमोनंतर त्या दोघी येवल्याला घरी आल्या आणि त्याच आठवड्यात पुण्याच्या एका बाईंचा फोन आला. लेकीच्या लग्नासाठी त्यांना आईच्याच हातची, पदरभर मोरांची पैठणी हवी होती.

"आई आता ऑर्डर घेत नाही," असं हळूच सांगून वृषालीने फोन ठेवला.

"कोणी सांगितलं तुला?" आई हातमागावरून म्हणाली. औषधांनी बोटांना मुंग्या येत होत्या, तरी ती रोज तासभर तिथे बसायचीच.

वृषालीच्या तोंडून ते आकडे बाहेर पडले. मग तिला रडू आवरेना.

"खरंही असेल," आई म्हणाली. "म्हणून आत्तापासूनच हात बांधून बसू? लाव परत फोन त्यांना."

वृषालीने फोन लावून दिला.

"दीड वर्ष लागेल," आईने त्या बाईंना ठणकावून सांगितलं. "घाई असेल तर दुसरीकडे बघा."

पलीकडून होकार आला. आई मागावर थोडी बाजूला सरकली आणि तिने रेशीम गुंडाळलेली कांडी लेकीच्या हातात ठेवली.

"माझी बोटं बधिर झालीत, तुझी नाहीत ना? मग रडणं पुरे. मोर विणायला शीक."