पोट बांधून

"अजून घट्ट, आई."

"श्वास घेता येतोय ना?"

"येतोय. टाइट कर."

इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकजवळच्या बंद पडलेल्या विमानतळावर, गाडीच्या आडोशाला उभ्या राहून सुलक्षणाताई लेकीचं, नीनाचं पोट बांधत होत्या. बाळंतिणीचं बांधतात तसंच, मऊ सुती साडीच्या पट्टीनं. गाठ पाठीमागे, म्हणजे पुढे टोचायला नको.

नीनाची मुलगी मायरा आठ महिन्यांची झाली होती. नीनाचे हातपाय पूर्वीसारखे झाले, पोटाचे स्नायू मात्र परत यायचं नाव घेईनात. बघणाऱ्याला वाटतं, स्कीवर काठ्या हातांनी रेटतात. खरं काम पोटाचं असतं. कंबरेतून वाकून सगळं अंग काठ्यांवर झोकून द्यायचं असतं. नीनाचं पोट दोन फेऱ्यांत थकायचं आणि मग नुसते हात उरायचे. आज ब्रिटनच्या स्कीइंग संघाची निवड होती आणि फेऱ्या चार होत्या.

"फिजिओला सांगितलंस हे बांधल्याचं?"

"तो नको म्हणेल," नीना म्हणाली आणि टी-शर्ट खाली ओढला.

बर्फ नव्हताच. इंग्लंडात तो कधी वेळेवर पडलाय! चाकांच्या स्की घालून मुली डांबरावरून निघाल्या. कोचनं आधीच बजावलं होतं, बाहेरच्या कुणी हात लावला की त्या मुलीची शर्यत संपली.

दोन फेऱ्या नीना दुसरी होती. दोरीपलीकडे मायराची प्रॅम घेऊन उभ्या असलेल्या सुलक्षणाताईंना धन्य वाटलं. आपल्या बायकांचं शहाणपण इथंही चाललं म्हणायचं.

तिसऱ्या फेरीअखेर ती वळणावर दिसली तेव्हा पाचवी होती. तोंड उघडं. श्वास वरच्या वर परत येत होता, खाली उतरायला त्याला जागाच नव्हती. ती मागे हात नेऊ बघत होती, पण काठ्या पट्ट्यांनी मनगटाला बांधलेल्या. जवळ आली तसे तिचे ओठ दिसले. निळे पडले होते.

"नीना, थांब!"

"नको... लास्ट लॅप..."

सुलक्षणाताईंनी प्रॅमचा ब्रेक लावला आणि दोरीखालून आत शिरल्या.

"डोन्ट टच हर!" कोच ओरडला. त्यांना इंग्रजी चांगलं समजत होतं. त्यांनी रांगल्यासारख्या हळू येणाऱ्या लेकीला मागून धरलं, टी-शर्ट वर केला आणि गाठ सोडली.

आत गेलेल्या श्वासाचा आवाज कोचलाही ऐकू आला असावा. त्यानं मान खाली घातली. नीना बाजूच्या गवतावर कोसळली. सुलक्षणाताईंनी गुडघ्यावर बसून तिच्या स्की आणि काठ्या काढल्या. जीव भांड्यात पडला होता त्यांचा, आणि त्याचीच लाज वाटत होती.

"मी म्हटलं होतं का तुला, सोड म्हणून?" बोलण्यापुरता दम आल्यावर नीनानं विचारलं.

"नाही. नकोच म्हणालीस."

"माझा शेवटचा चान्स होता, आई. मी फिनिश केली असती."

"केली असतीस गं. उभं राहून ते बघायची माझी छाती झाली नाही."

बाकीच्या मुली शेवटच्या फेरीला निघून गेल्या. प्रॅममध्ये मायरा रडायला लागली. नीनानं उठायचा प्रयत्न केला. कोपरांवर जेमतेम टेकली आणि पोटानं साथ न दिल्यानं पुन्हा आडवी झाली. आणखी एकदा करून पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

मग तोंड धावपट्टीकडे वळवून, आईकडे न बघता, उठवून घ्यायला तिनं एक हात तिच्यापुढे केला.