मोहनरावांना परत बसवा

"मोहनरावांना परत बसव," भगवानराव म्हणाले. "आत्ता जेवायला येतेत ते."

त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसलेल्या स्वप्नाने लॅपटॉप उघडलाच नाही. दिंद्रुडमध्ये मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत ती लग्नाच्या फिल्मा जोडून द्यायची. भगवानरावांच्या लेकीच्या लग्नाची फिल्म तिने वेळेत दिली होती, तिचे पैसेही चोख मिळाले होते. मग पंचायत समितीच्या तिकिटावरून भगवानराव आणि त्यांचे जिवलग मोहनराव यांचं फाटलं, आणि त्या माणसाला फिल्ममधून काढ, असा हुकूम आला.

मोहनराव तर नवरदेवाला चिकटल्यासारखे जिकडेतिकडे हजर. कुठे तिने दृश्य कापलं, कुठे त्यांच्यावर फुलांचा सडा पाडला, मंगलाष्टकांच्या वेळी त्यांच्या जागी चक्क केळीचा खांब उभा केला. डोळ्यांची नुसती आग झाली. या कामाचे पैसे मागितले की भगवानराव चहा पाजायचे आणि पावसापाण्याचं बोलायचे.

आता दोघांचं पुन्हा गूळपीठ जमलं होतं, आणि मोहनरावांना लग्नाची फिल्म बघायची होती.

आधी काढल्याचे पैसे द्या, स्वप्ना म्हणाली. एक दुरुस्ती फुकट, पुढची वेगळी, हे तिने सुरुवातीलाच मोबाइलवर लिहून पाठवलं होतं. फुकटची दुरुस्ती विहीणबाईंच्या आवडीचं गाणं घालण्यात केव्हाच संपली होती. भगवानरावांना हसू आलं.

"काढलं अन् परत बसवलं, म्हंजी काम झालंच न्हाई की. पैसे कशाचे?"

तिला संताप आला. असं अडून बसलीस तर गावात कुणी काम देणार नाही, हेही त्यांनी सुनावलं. तशी त्यांची पोहोच होती. तरी ती हलली नाही. आज सोडलं तर उद्या अख्खं दिंद्रुड तिच्याकडून फुकटात माणसं काढून-घालून घेणार होतं.

दारात गाडी थांबली. मोहनराव आले, गळाभेट झाली, आणि टीव्हीसमोर ऐसपैस बसून त्यांनी फिल्म लावायला सांगितलं. स्वप्नाने शांतपणे लॅपटॉप टीव्हीला जोडला.

"तात्या, दोन हायेत. कोणती लावू?" तिने भगवानरावांना विचारलं.

भगवानरावांचा चेहरा उतरला. ते लगबगीने आत गेले आणि पाकीट घेऊन आले. या पोरीचं थोडं देणं राहिलं होतं, असं पाहुण्यांकडे बघत पुटपुटले. स्वप्नाने पाकीट उघडून खात्री केली आणि मूळची फिल्म लावली. मोहनराव स्वतःला बघून खूश झाले.

पानं वाढायला सांगायला भगवानराव आत गेले, तसे मोहनराव तिच्याकडे झुकले.

"माझ्या पोराच्या लग्नाच्या फिल्ममधनं मी भगवानरावाला काढलंय," ते हळूच म्हणाले. "परत बसवायचं काय घेशील? ज्यानं काढलं त्याचे पैसे थकवले, तर आता तो फोनच उचलंना."

"आधी त्याचे द्या काका," स्वप्ना म्हणाली, "मग माझा भाव सांगते."