फळ्यावरचा हात

अवजारांच्या फळ्यावर प्रत्येक पान्याची, हातोडीची पिवळी आकृती रंगवलेली होती. जागा रिकामी दिसली की काय हरवलंय ते लांबूनच कळावं, म्हणून. खालच्या कोपऱ्यात मात्र कुणीही न रंगवता एका उजव्या हाताची आकृती उमटली होती.

"पुन्हा?" कंपनीभर ही वेळ वाचवायची मोहीम राबवणाऱ्या मृण्मयी धारप कडाडल्या. "काल पुसायला सांगितलं होतं ना?"

"रोज पुसतो, मॅडम," मशीनवरचे गावडे म्हणाले. "वेळ वाचवायला तुम्ही पत्रा कापायच्या मशीनची संरक्षक जाळी काढलीत, तेव्हापासून उमटतेय. आम्ही सगळ्यांनी हात लावून बघितला. कुणाचाच बसत नाही."

"काहीतरीच!" म्हणत त्या पुढे झाल्या आणि थबकल्या. आकृतीची करंगळी वाकडी होती.

लहानपणी मोडून तशीच जुळलेली आपली करंगळी त्यांनी हळूच मुठीत दडवली. मागे मशीन धाडधाड आपटत होतं. गावडे त्यांच्या मुठीकडे बघत होते.

"जाळी," त्या म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता बसवा."

"बसवतो," गावडे हळू आवाजात म्हणाले. "तोवर तुम्ही इथे थांबू नका."