विजेवरचा बंब

“धूर होतो, मान्य. पण धुराने कुणाला काही झालंय का?” अध्यक्षांनी विचारलं आणि चष्मा पुसायला घेतला.

शहरासाठी विजेवर चालणारा आगीचा बंब घ्यायचा की नाही, यावर पालिकेच्या सभागृहात सकाळपासून खल चालला होता. जुना डिझेलचा बंब धावतोय ना, मग नवा कशाला, असं निम्म्या सभासदांचं म्हणणं. उरलेल्या निम्म्यांना जेवणाची घाई. अग्निशमन केंद्राच्या प्रमुखांनी नव्या बंबाची बाजू मांडली खरी, पण इतकी मिळमिळीत की विरोधकांना काही बोलावंच लागलं नाही.

मागच्या रांगेत बंबाचा ड्रायव्हर खोकला दाबून बसला होता. काही तांत्रिक विचारलं तर असावा, म्हणून प्रमुखांनी त्याला आणलं होतं.

बंबाच्या ब्रेकला हवेचा दाब लागतो. तो भरेपर्यंत रोज सकाळी इंजिन चालू ठेवावं लागतं. पूर्वी हे शटर वर करून व्हायचं. मग समोरच्या इमारतीतल्या लोकांनी आवाजाची तक्रार केली आणि केंद्राने शेजारधर्म म्हणून शटर खाली ओढलं. तक्रार मिटली. आवाज आत राहिला आणि धूरही आत राहिला. बाकीचे हजेरी देऊन बाहेर सटकत. ड्रायव्हरला मात्र हवेच्या दाबाच्या काट्याकडे बघत केबिनमध्येच बसावं लागे.

त्याच्या खोकल्यामुळे केंद्रातले लोक त्याला ‘सायरन’ म्हणत. “भोंगा बिघडला तरी चिंता नाही, आपला माणूस आहे!” अशी थट्टा चाले. तोही हसायचा. छातीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. घरीसुद्धा नाही.

कारण त्याच्यानंतर त्या सीटवर त्याची लेक बसणार होती. ती त्याच केंद्रात फायरमन होती. हौसेने अवजड गाडीचं लायसन्स काढून तयार होती आणि “बाबांची गाडी मीच चालवणार” असं सगळ्यांना सांगत फिरायची. नवा बंब येईपर्यंत सीट सोडायची नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं.

आणि आता तो नवा बंब हातून निसटत होता. तो उठला.

“मला झालंय, साहेब.”

सगळ्या माना मागे वळल्या. मग त्याने काही लपवलं नाही. फुफ्फुसांचं काय झालंय ते सांगितलं, बंद शटरचं सांगितलं. मध्येच खोकल्याची उबळ आली, तेव्हा कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. “माझं झालं ते झालं,” तो म्हणाला. “पण उद्या तिथे दुसरं कुणीतरी बसेल. गाडी बदला, साहेब. हात जोडतो.”

अध्यक्षांचे डोळे खरोखरच पाणावले. “अहो, इतके दिवस बोलला का नाहीत?” ते म्हणाले. “आजपासून तुम्ही त्या गाडीवर बसायचं नाही. यांना कार्यालयात बसून करायचं काम द्या.” सभासदांनी बाकं वाजवली. ड्रायव्हरला वाटलं, जमलं.

“आणि नवा बंब?” प्रमुखांनी चाचरत विचारलं.

“त्रास एकालाच होता ना? त्यांची सोय लावली. पुढचा विषय घ्या.”

संध्याकाळी तो घरी दिवा न लावताच बसून होता. लेक आली ती धावतच. तिने दिवा लावला, गणवेशातच त्याच्या शेजारी बसली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

“बाबा, आदेश निघाला. उद्यापासून गाडी माझ्याकडे!”

नको म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण खोकलाच आला. ती त्याची पाठ चोळत राहिली.

“मला काय ठाऊक नव्हतं? भिंतीपलीकडून रोज ऐकत होते तुमचा खोकला. तुम्हाला त्या सीटवरून उठवायचा दुसरा मार्गच नव्हता, बाबा. म्हणून तर लायसन्स काढलं.”